‘फोर्क’ची भिंत : कराडच्या एका वाचनालयातल्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आठवीतली एक मुलगी इंग्रजीचा उतारा घेऊन वाचनालयात आली होती. त्यात रस्ता ‘फोर्क’ होतो असं वाक्य होतं. तिनं कोशात पाहून मराठी केलं होतं, ‘पुढे रस्त्याला काटा येतो.’ पोरीची चूक नव्हती. कोशात पहिला अर्थ ‘काटा’ होता, तिनं तो घेतला. त्याच मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘नादकाटा’, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, आहे आणि तिच्या भावाच्या सायकलीचा फोर्क, पुढचं चाक धरतो तो, मागच्याच आठवड्यात वाकला होता. तिनं विचारलं, हे सगळं एकच आहे का? मला धड उत्तर देता आलं नाही.

त्यावरून हे काम निघालं. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. अभिजात दर्जा मिळाल्यानंतरचा हा पहिलाच, त्यामुळे भाषणांपेक्षा हाताला लागेल असं काहीतरी करावं अशी ग्रंथपाल बाईंचीही इच्छा होती. ठरलं ते असं : मागच्या खोलीत आठ बाय चार फुटांचा प्लायवूड लावायचा, त्यावर ‘फोर्क’ म्हणतात त्या खऱ्या वस्तू अडकवायच्या आणि प्रत्येकीखाली मराठी नावाचं कार्ड. समितीनं ४,००० रुपये मंजूर केले. हाताशी माणसं चार, तीही संध्याकाळी सहानंतर मोकळी होणारी.

आजच अकरा कार्डं हातानं लिहून लॅमिनेट करून टाकली. मेजावरचा काटा, बागेचा काटा, सायकलचा काटा, रस्त्याचा काटा, अशी. खर्च १८० रुपये.

११ जानेवारी, शनिवार

अकराही कार्डं बाद.

वस्तू गोळा करायला निघालो तेव्हा कार्डं बरोबर घेतली होती. सायकल दुरुस्तीवाल्या काकांना ‘सायकलचा काटा’ हे कार्ड दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, “कुठल्या चाकात गेलाय?” त्यांच्या दुकानात काटा म्हणजे बाभळीचा, टायरमध्ये घुसलेला, पंक्चरचा. मी हातानं आकार करून दाखवला तेव्हा म्हणाले, “चिमटा म्हणा की.”

तिथून पुढं रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॉल्या उभ्या होत्या. गळीत हंगाम जोरात आहे. एका ट्रॅक्टरवाल्या दादांना सहज विचारलं, काटा म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं? “वजनकाटा. सकाळपासून नंबर लागायची वाट बघतोय.” ऊसपट्ट्यात काटा म्हणजे ज्यावर गाडी चढवतात तो. ‘काटा मारला’ म्हणजे वजनात लबाडी केली. हा शब्द शेतकऱ्याच्या काळजाजवळचा आहे, त्याचा अर्थ तो दुसऱ्या कशाला देणार नाही.

घरी येऊन वहीत काढलं. मराठीतला काटा म्हणजे बाभळीचा, माशाचा, घड्याळाचा, तराजूचा, विंचवाच्या नांगीचा, अंगावर येणारा, आणि वाटेतला काटा काढतात तो. इंग्रजी ‘फोर्क’ यातल्या एकालाही लागत नाही. दोन शब्दांची भेट फक्त दोन ठिकाणी होते : ताटाजवळ आणि प्रयोगशाळेत. मी एका पसरट शब्दावर दुसरा पसरट शब्द ठेवला होता, आणि दोन्हींचा पसारा वेगळ्या दिशांना आहे.

नवा नियम केला. कार्ड आधी लिहायचं नाही. वस्तू तिच्या कामाच्या माणसाच्या हातात द्यायची, तो जे म्हणेल ते लिहायचं. कोश नंतर उघडायचा.

१९ जानेवारी, रविवार

सायकलवाल्या काकांनी भंगारातला एक चिमटा काढून दिला, वजनावर ९० रुपये. गंज बराच आहे पण दोन्ही पाय शाबूत आहेत. त्यांनी तो उजेडात धरून एक गोष्ट दाखवली ती कार्डावर यायलाच हवी. चिमट्याचे पाय खाली जाता जाता किंचित पुढे वळलेले असतात. पुढचं चाक आपटलं की हे पाय आधी मागं जातात. मग वळताना बुटाचं टोक चाकाला लागायला लागतं आणि हँडल सोडून सायकल सरळ चालत नाही. काका दोरा लावून बघतात : वरच्या नळीच्या दोन्ही कडांवरून दोरा खाली सोडायचा आणि दोन्ही पायांपासून तो सारख्या अंतरावर येतो का ते पाहायचं. आमच्या चिमट्याचा डावा पाय चार मिलिमीटर आत होता. सरळ करून देतो म्हणाले. मी नको म्हटलं, दोरा लावून तसाच दाखवायचा ठरवलं.

चिमटा हँडलबरोबर सहज फिरावा म्हणून बसवतात ते वाटी, कोन आणि छर्रेही हवे होते. छर्रे आणताना पिशवीतून सांडले आणि सगळे गटारीच्या जाळीत गेले. ते परत मिळवण्यात अर्धा तास घालवला, नऊ मिळाले. ग्रीसमध्ये बसवल्याशिवाय छर्रे कुठंही नेऊ नका.

बागकामाचा चार दातांचा फोर्क हार्डवेअरच्या दुकानातून विकत घेतला, ३८० रुपये. इथं कोशानं मला दुसऱ्यांदा फसवलं. वहीत मी ‘दाताळं’ लिहून ठेवलं होतं. शेतीवाले आमचे एक सभासद अण्णा, त्यांनी वस्तू हातात घेतली, उभी जमिनीत रोवून बघितली आणि मान हलवली. दाताळ्याचे दात दांड्याला काटकोनात खाली वळलेले असतात, ते आपल्याकडं ओढायचं असतं, गवत-पाचट गोळा करायला. ह्याचे दात सरळ आहेत, हा पायानं दाबून खुपसायचा आणि माती उलथायची. “ओढायचं ते दाताळं. हे ओढून बघा, काय हाताला लागतंय का.” बिलावर दुकानदारानं ‘पंजा’ लिहिलंय. शेणखत भरायला, कचरा उचलायला जो दातेरी पंजा असतो त्याच्या घरातला हा. कार्डावर ‘पंजा’ गेला, आणि शेजारी अण्णांच्या गोठ्यातलं खरं दाताळं टांगायचं ठरलं, म्हणजे फरक हातानं कळेल.

अण्णांनी जाता जाता तिफणीची आठवण काढली. तीन फणांची म्हणून तिफण. दात आणि फण, हे दोन शब्द आपल्याकडं किती नेमके आहेत! इंग्रजीत फोर्कच्या एका टोकाला ‘टाइन’ म्हणतात, त्याला मराठी काय, हा प्रश्न मी आठवडाभर घोळवत होतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून झाडाचं बेचकं शोधायला गेलो. हा शोध सगळ्यात सोपा जाईल असं वाटलं होतं, सगळ्यात जास्त वेळ यातच गेला आणि सगळ्यात मोठं घबाडही इथंच मिळालं.

फांदी जिथं दोन होते ते बेचकं. पोरांच्या हातातली गलोल तीही बेचकी, कारण ती त्याच आकाराच्या लाकडाची. जाड फांदी असेल तर आमच्याकडची म्हातारी माणसं दुबेळकं म्हणतात : कपडे वाळत घालायच्या दोरीला मधून आधार द्यायला, फळांनी वाकलेल्या फांदीला टेकण द्यायला. पेरूचं एक बेचकं मिळालं, पण हिरवं होतं. प्लायवर लावायच्या आधीच सुकून मधोमध तडकलं. वाळलेलंच घ्यावं.

मग मांडव घालणाऱ्या एका आजोबांकडे गेलो. आता त्यांचे नातू लोखंडी पाइप आणि ताडपत्री लावतात. आजोबांनी सांगितलं की पूर्वी मांडवाचा खांब म्हणजे वर दुबेळकं असलेलं लाकूड, त्या दुबेळक्यात आडवं वासं टाकायचं. खिळा नको, दोरी नावाला. त्या खांबाला म्हणायचे मेढ. “लग्नात पहिली रोवतात ती मुहूर्तमेढ.”

मी तिथंच थांबलो. ‘मुहूर्तमेढ रोवली’ हे मी शेकडो वेळा लिहिलंय. सहकाराची, शिक्षणाची, कुठल्याही संस्थेची. आजवर ती मला गुळगुळीत, सरळ काठी वाटायची. ती वरून दुभागलेली असते, तिच्या माथ्यावर दुसऱ्या कशाचा तरी भार पेलायची जागा असते, हे माहीत नव्हतं. घरी येऊन महाराष्ट्र शब्दकोश काढला. आजोबांचं बरोबर होतं.

आजोबांनी त्यांच्या परड्यातली एक जुनी मेढ दिली, साडेपाच फुटी. प्लायवर मावत नाही. शेजारी जमिनीवर उभी करायची.

२ फेब्रुवारी, रविवार

आज माझ्याकडून नुकसान झालं, सविस्तर लिहितो.

वाचनालयाच्या जुन्या ट्रंकेत एक नादकाटा सापडला होता, २५६ आकडा कोरलेला. सेकंदाला २५६ कंपनं. दोन्ही भुजांच्या टोकांना गंज होता. मी कानस घेतली आणि टोकं चकचकीत होईपर्यंत घासली, नंतर पॉलिश पेपर मारला. दिसायला सुंदर झाला.

संध्याकाळी भौतिकशास्त्र शिकवणारे आमचे एक सभासद त्यांचा २५६चा नादकाटा घेऊन आले. दोन्ही रबरावर ठोकून एकत्र कानाजवळ धरले. एकसारखा सूर यायला हवा होता. त्याऐवजी वूं… वूं… वूं अशी लाट. आवाज वाढतो, पडतो, परत वाढतो. दहा सेकंदांत वीस लाटा मोजल्या. म्हणजे दोन काट्यांत सेकंदाला दोन कंपनांचा फरक.

माझा वर गेला की खाली, हे कानाला कळत नाही. सरांनी माझ्या काट्याच्या टोकाला मेणाची गोळी चिकटवली. मेणानं टोक जड होतं, कंपन मंदावतं. लाटा हळू झाल्या, म्हणजे माझा काटा वर गेला होता : २५८. टोकावरचं लोखंड मी घासून कमी केलं, टोक हलकं झालं, सूर चढला. भुजा जिथं जुळतात त्या बुडाशी घासलं असतं तर उलटं झालं असतं, तिथं पातळ झालं की काटा मऊ पडतो आणि सूर उतरतो. मी लगेच बुडाशी कानस लावायला निघालो होतो. सरांनी हात धरला. एकदा गेलेलं लोखंड परत येत नाही. मेण काढता येतं, वाढवता येतं.

मग दोन्ही टोकांना सारखं सारखं मेण लावत गेलो. दहा सेकंदांत वीस लाटा, मग अकरा, मग चार. शेवटी एकही ऐकू येईना. या कामाला पावणेदोन तास लागले. तेवढा वेळ खोलीत आम्ही तिघं होतो आणि कुणी बोललं नाही.

ज्यांना जुना नादकाटा मिळेल त्यांनी गंज कानशीनं काढू नये. तेल लावून कापडानं पुसावा, डाग राहिला तर राहू द्यावा.

दुसरी सूचना. मुलं काटा टेबलाच्या कडेवर आपटतात, त्यानं खाचा पडतात. जुन्या चपलेचा रबरी सोल कापून प्लायखाली खिळ्यानं लावला आहे, त्यावरच ठोकायचा. आणि खाली एक रिकामी लाकडी पेटी ठेवली आहे. काट्याचा दांडा पेटीवर टेकवला की आवाज एकदम भरतो, कारण भुजा आत-बाहेर हलतात तेव्हा दांडा अगदी थोडा वर-खाली हलत असतो आणि तो पेटीला हलवतो. भुजा हातानं धरल्या की सूर मरतो, दांडा धरला तर मरत नाही.

जॉन शोर या इंग्लंडच्या राजदरबारातल्या कर्णेवाल्यानं १७११ मध्ये हे साधन केलं. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही असाच एक इवलासा दुभुजी काटा असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा. दोनाने पंधरा वेळा भागत गेलं की एक उरतो, म्हणून हा आकडा. घड्याळाच्या काट्यामागं नादकाटा आहे, हे कार्ड मात्र मी आनंदानं लिहिलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

रस्त्याचा फोर्क. इथं शब्द शोधायची गरजच नव्हती, एसटीनं फिरलेल्या प्रत्येकाला तो पाठ आहे : फाटा. पाचवड फाटा इथं हाकेच्या अंतरावर आहे. पण सगळ्या तिहेरी रस्त्यांना फाटा म्हणत नाहीत, हे चर्चेत निघालं. मोठ्या रस्त्याला लहान रस्ता फुटतो तो फाटा. गावात तीन रस्ते मिळतात ती कोल्हापूरकडं तिकटी, जशी माळकर तिकटी. कोकणातल्या एका सभासद वहिनी म्हणाल्या, आमच्याकडं तिठा, हातखंबा तिठा कुणालाही विचारा. तिन्ही शब्द लावले. ‘फाटे फोडणे’ हाही खाली लिहिला, कारण बोलण्याला फाटा फुटतो तेव्हा मूळ रस्ता बाजूलाच राहतो, आणि ते चित्र या आकारातूनच आलंय.

नंतर नदी. अमेरिकेत नद्यांच्या हातांना उत्तर फोर्क, दक्षिण फोर्क अशी नावं आहेत. आमच्या दारात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि पूर्वेला वळतात. सकाळी सात वाजता प्रीतिसंगमावर जाऊन फोटो काढला. पहिला फोटो घाटावरून काढला, त्यात नुसतं पाणी दिसतं, आकार कळत नाही. बाद. शेवटी वहीवर हातानं नकाशा काढला आणि तोच लावला.

नकाशा काढताना एक गोष्ट लख्ख झाली. खालून वर, प्रवाहाच्या उलटं बघत गेलं तर नदी दोन होते, तो फोर्क. पाण्याबरोबर आलं तर दोन नद्या एक होतात, तो संगम. रेघा त्याच. इंग्रजी शब्द आकाराला चिकटून राहतो आणि जिथं तो आकार दिसेल तिथं जातो, ताटात, झाडात, नदीत, सायकलीत. मराठी बहुतेक वेळा आकारापाशी थांबत नाही, त्या वस्तूनं काय काम करायचं ते विचारते : धरतो तो चिमटा, पेलते ती मेढ, फुटतो तो फाटा, मिळतो तो संगम. म्हणून एक शब्द पुरत नाही. या भिंतीतून मुलांना सांगायचं असेल तर मला हेच सांगायचंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तासवडे एमआयडीसीतल्या एका गोदामातून फोर्कलिफ्टचा, म्हणजे जड माल उचलणाऱ्या गाडीचा, काढून टाकलेला एक फोर्क मिळाला. एल आकाराचं लोखंड, वजन चाळीस किलोच्या पुढे. टेम्पोला ३०० रुपये. चौघांनी उचलून आणला. प्लायवर टांगायचा विचार ताबडतोब सोडला, भिंतीशी जमिनीवर आडवा ठेवलाय आणि खाली दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे मारलेत, म्हणजे पोरांच्या पायावर घसरणार नाही.

तिथल्या कामगारांना शब्द विचारला. ते फोर्कच म्हणतात, दुसरा शब्द नाही. मी दोन-तीन मराठी पर्याय सुचवले, त्यांनी नम्रपणे ऐकून घेतले. कार्डावर ‘फोर्क’ लिहिलं. वापरणाऱ्याकडं जो शब्द आहे तो मराठीच झाला.

हा फोर्क टाकून का दिला, ते व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावून दाखवलं त्यांनी. उभा भाग जिथं आडव्याला मिळतो ती टाच. तिथं पॅलेटखाली (माल रचायच्या चौकटीखाली), फरशीवर घासून घासून लोखंड झिजतं. मूळ जाडी ४० मिलिमीटर, टाचेला ३५.५ राहिली होती. १० टक्के झीज झाली की बदलायचा असा नियम आहे, म्हणजे ३६ला मर्यादा संपते. १० टक्के ऐकायला थोडं वाटतं, पण जाडी तेवढी गेली की भार पेलायची ताकद जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी होते. टाचेवर खडूनं गोल करून ३५.५ लिहिलंय, मुलांनी स्वतः मोजावं म्हणून.

१६ फेब्रुवारी, रविवार

बुद्धिबळाचा पट आणि संगणक, दोन्ही एका दिवसात उरकायचा बेत होता, उरकले नाहीत.

बुद्धिबळात एकाच मोहऱ्यानं दोघांवर एकदम मारा केला की फोर्क. घोड्याचा सगळ्यात जिव्हारी लागतो. मी काळ्याची सगळी मोहरी मूळ जागी ठेवली आणि पांढरा घोडा राजाच्या वजिराकडच्या बाजूला, उंटापुढच्या प्याद्याच्या घरात बसवला. राजाला शह आणि कोपऱ्यातल्या हत्तीवर मारा. फेव्हिक्विकनं चिकटवूनही टाकली. रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “वजीर घोडा खाईल की.” खरंच, शेजारच्या घरातला वजीर तिरका एक घर आला की संपलं. वजीर खरवडून काढला, पट थोडा सोलला गेला. आता वजीर दूर राजाच्या बाजूला गेलाय आणि घोडा सुरक्षित आहे. राजा हलला की हत्ती जाणार. आजोबांचा शब्द घेतला : ‘एका घोड्यानं दोन घरं धरली.’ कार्डावर तोच वर आहे, फोर्क खाली.

संगणकाचं काम अभियांत्रिकीला शिकणाऱ्या एका मुलानं घेतलं. युनिक्स या संगणकप्रणालीत ‘फोर्क’ ही हाक मारली की चालू असलेल्या कामाची हुबेहूब दुसरी प्रत उभी राहते. त्यातल्या मूळ कामाला नव्या कामाचा क्रमांक मिळतो आणि नव्याला शून्य मिळतं, त्यावरून कोण कोण ते कळतं. त्यानं आधी ‘नमस्कार’ छापायचं, मग फोर्क करायचं असा छोटा प्रोग्राम लिहिला. नमस्कार एकदा यायला हवा, आला दोनदा. चाळीस मिनिटं तो आणि मी पडद्याकडं बघत होतो. कारण असं निघालं की ओळ संपल्याची खूण न दिल्यानं ‘नमस्कार’ छापला न जाता तात्पुरत्या साठ्यात पडून होता. फोर्क झाल्यावर त्या साठ्याचीही प्रत झाली, आणि दोघांनी आपापला नमस्कार छापला. ओळ तोडल्यावर ठीक झालं. पण त्याला सुचलं की हे चुकलेलंच जास्त बोलकं आहे, प्रत म्हणजे किती पूर्ण प्रत ते यातून दिसतं. दोन्ही ठेवले.

सॉफ्टवेअरचा दुसरा फोर्क म्हणजे प्रकल्प फुटून वेगळा होणं. ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमधून २०१० मध्ये लिब्रेऑफिस निघालं तसं. इथं मला ‘वेगळी चूल’ सुचलं आणि फार बरं वाटलं. त्या मुलानं हरकत घेतली, आणि ती रास्त आहे : घरात चूल वेगळी झाली की भांड्यांची वाटणी होते, निम्मी इकडं, निम्मी तिकडं. इथं दोघांकडंही सगळी भांडी राहतात. कार्डावर ‘वेगळी चूल’ ठेवलं, आणि त्याखाली त्याचं हे वाक्य.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताटाजवळचा काटा सगळ्यात शेवटी राहिला. केटरिंगवाल्यांनी सहा काटे फुकट दिले.

याच्या कार्डावर काय लिहावं सुचत नव्हतं, तेव्हा थॉमस कोरिएटची गोष्ट मिळाली. हा इंग्रज प्रवासी इटलीत फिरला, तिथं लोक मांस कापताना काट्यानं धरतात हे बघून आला आणि १६११च्या आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं. इटालियन माणसाला आपल्या ताटात दुसऱ्याची बोटं गेलेली चालत नाहीत, कारण सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात, असं त्यानं कारण दिलं. घरी परतल्यावर तो काटा वापरू लागला तर मित्रांनी त्याला ‘फुर्किफेर’ म्हणून चिडवलं. लॅटिनमध्ये फुर्का म्हणजे शेतातला मोठा काटा, इंग्रजी फोर्कचं मूळ तेच. आणि रोममध्ये गुलामाला शिक्षा म्हणून मानेवर फुर्का घालून फिरवत, त्यामुळे फुर्किफेर ही शिवी.

हाच कोरिएट पुढं चालत चालत हिंदुस्थानात आला, अजमेरला जहांगीर बादशहासमोर फारसीत बोलला आणि १६१७च्या डिसेंबरात सुरतेत वारला. इंग्रजांच्या ताटात काटा यावा म्हणून बोलणी खाल्लेला माणूस अशा देशात येऊन गेला जिथं उजव्या हाताची पाच बोटं हेच जेवणाचं साधन. तिथं त्याला हातानं जेवताना कसं वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

सापाच्या दुभंगल्या जिभेचं कार्ड ग्रंथपाल बाईंनी लिहिलं. महाभारताच्या आदिपर्वात गरुड अमृताचा कलश दर्भावर ठेवतो, इंद्र तो उचलून नेतो, आणि साप अमृत सांडलं असेल या आशेनं दर्भ चाटतात. धारेनं जिभा चिरतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस वाईट गेले.

शनिवारी कार्डांची फाईल छपाईला दिली. सोमवारी कार्डं आली. ‘फोर्क’मधला रफार जागेवरून उडाला होता : फो, मग पाय मोडलेला र, मग सुटा क. ‘चिमटा’ची वेलांटी च सोडून म वर गेली होती, ‘चमिटा’. मी युनिकोडमध्ये लिहिलेलं, त्यांच्याकडचं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. प्रूफ मागितलं नव्हतं, ही चूक माझी. ६४० रुपये गेले. मराठी शब्दांच्या प्रदर्शनात मोडकी मराठी लावणं शक्यच नव्हतं. उपाय : प्रत्येक कार्ड आपल्याच संगणकावर मोठ्या चित्राच्या रूपात काढायचं आणि चित्रच छापायला द्यायचं. तसं आज दिलं, आजच हातात मिळालं, कारण उद्या महाशिवरात्र आणि दुकान बंद. ५६० रुपये.

आणि काल रात्री पंजा खाली पडला. प्लाय १२ मिलिमीटरचा. इंची स्क्रू मारले तर टोकं मागून बाहेर येतात आणि प्लाय भिंतीला टेकत नाही, म्हणून अर्ध्या इंचाचे मारले होते. ते सुटले. पंजाचा एक दात नादकाट्याच्या पेटीत घुसला, काटा नशिबानं घरी होता. आज प्लाय उतरवला, मागं सव्वा इंची लाकडी रिपा ठोकल्या, आणि जड वस्तूंना आरपार नट-बोल्ट आणि मोठे वॉशर लावले. रात्री साडेअकरा वाजले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी नऊला उघडलं. सायकलवाले काका दुकान बंद ठेवून आले आणि दोरा लावून वाकडा चिमटा कसा ओळखायचा ते अकरा वाजेपर्यंत दाखवत बसले. मांडववाल्या आजोबांनी मेढीवर वासा ठेवून दाखवला. आठ मुलांनी संगणकाचा फोर्क खेळून दाखवला : एका मुलाची दोन झाली, दोनाची चार, चाराची आठ. तिसऱ्या हाकेला मागची खोली भरली.

प्लायच्या खाली कोरी कार्डं ठेवली होती, ‘तुमच्याकडं काय म्हणतात?’ संध्याकाळपर्यंत एकोणीस भरली. एका बाईंनी बेचक्याखाली लिहिलं, ‘माझी आई याला टेकू म्हणायची.’ आठवीतल्या त्या मुलीनं फाट्याच्या कार्डाखाली आपलं वाक्य दुरुस्त करून लिहिलं, ‘पुढे रस्त्याला फाटा फुटतो.’

२ मार्च, रविवार

हिशेब. प्लाय १,५५०, रिपा ३२०, चिमटा ९०, पंजा ३८०, लॅमिनेशन १८०, छपाई दोनदा मिळून १,२००, नट-बोल्ट १४०, टेम्पो ३००. एकूण ४,१६०. वरचे १६० मी घातले. वाया गेले ८२०, सगळे घाईनं लिहिलेल्या आणि न तपासता छापलेल्या कार्डांपायी. वेळ मिळून साधारण सत्तर तास.

दाताळं अण्णांच्या गोठ्यात परत गेलं, त्यांना ते लागतं. फोर्कलिफ्टचा फोर्क गोदामवाल्यांनी ठेवून घ्या म्हणून सांगितलंय. मेढ परत न्यायला आजोबांनी नकार दिला. बाकी सगळं भिंतीवर आहे. नादकाट्याच्या टोकांचं मेण एप्रिलच्या उन्हात उतरेल. तेव्हा सरांचा काटा आणून, दोन्ही एकत्र ठोकून, परत लावायचं.